ज्वारी नव्हे, जवारी

६ जानेवारीला आमच्या पत्रकारिता विभागाचा अंक निघतो. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून आपल्याकडे हा पत्रकार दिन. यंदाच्या अंकात मधल्या दोन पानांवर माझा लेख आहे. विषय : मिरजेचा तंबोरा आणि त्याची जवारी. लेख माझा, फोटो मी काढलेले, आणि खाली बारीक ठशात माझं नाव. अंक हातात आल्यावर मी वर्गात थांबलेच नाही. मागच्या जिन्यात जाऊन बसले आणि तो लेख सलग तीनदा वाचला. शाईचा वास अजून गेला नव्हता.

याआधी माझ्या बातम्या छापून आल्या होत्या. पाणीपुरवठ्याची एक, वसतिगृहाच्या खानावळीची एक. त्यांचाही आनंद झाला होता. पण हे वेगळं होतं, कारण या गोष्टीवर माझं लहानपणापासून प्रेम आहे.

आमच्या घरात तंबोरा आहे तो आजीचा. मी अकरा वर्षांची असताना त्याचा आवाज बसला. तार छेडली की ठक्क असा कोरडा ठोका यायचा आणि तिथेच संपायचा. आजी म्हणाली, ‘‘जवारी गेलीय याची. मिरजेला न्यायला हवा.’’ गवसणी घालून, एसटीच्या मागच्या लांब सीटवर आडवा ठेवून आम्ही तो नेला. सबंध रस्ताभर माझा एक हात भोपळ्यावर होता.

सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांनी तो मांडीवर घेतला. मी त्यांना चाचा म्हणते, तेव्हापासून आजतागायत. त्यांनी तारा सैल करून बाजूला सारल्या, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर बोट फिरवलं आणि कानशीने दोन हात मारले. फक्त दोन. फुंकर मारली, तार चढवली, छेडली, मान हलवली. परत तार उतरवली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण दुपारचा चहा दोनदा येऊन गेला. शेवटी त्यांनी सुती दोऱ्याचा एक तुकडा तार आणि घोडीच्या मध्ये सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी ती तार एकदम उघडली. दुसरा शब्द माझ्याकडे आजही नाही. बंद खोलीचं दार कुणीतरी उघडावं तसा आवाज बाहेर आला. चाचा म्हणाले, ‘‘आता खर्ज ऐक बेटा. त्यात गंधार आहे.’’ तंबोऱ्याच्या चार तारांत पंचम, दोन जोड आणि खर्ज. गंधाराची तार नसतेच. तरी मला तो ऐकू आला. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे मला पुढे कळलं. मी गाणं शिकायला लागले ते त्या दिवसामुळे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या आल्या, मी सगळ्या कापून ठेवल्या. मानांकनाची माहिती होती, सतारीचा फोटो होता, पण मला दिसलेल्या बातम्यांत जवारी हा शब्द कुठेच नव्हता. जो हात वाद्याला आवाज देतो त्याचा उल्लेख नाही, हे मला लागलं. मी विभागात जाऊन सांगितलं की मला यावर लिहायचंय.

आमचे सर लगेच हो म्हणाले नाहीत. ‘‘आवडीच्या विषयावर लिहिताना माणूस आरती ओवाळायला लागतो,’’ ते म्हणाले. मी हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांनी एक अट घातली : ‘‘तुला आधीपासून माहीत आहे ते लिहायचं नाही. माहीत नाही ते शोधून आण.’’ दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात इतकं उपयोगी वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

माहीत नसलेलं पुष्कळ निघालं. कोल्हापूरहून सकाळची पॅसेंजर पकडून मी पाच रविवार मिरजेला गेले. हे कारागीर मुळात शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. ते काम मंदावलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी सतार बनवायला घेतली, ही हकीकत गल्लीत सगळे सांगतात. लोखंडाची धार ओळखणारी बोटं घोडीचा उतार ओळखू लागली, असं मी वहीत लिहून ठेवलं. मिरजेत गाणंही मोठं होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत, विष्णु दिगंबर पलुसकर इथेच त्यांच्याकडे शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले आणि १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. वाजवणारा आणि बनवणारा एकाच गावात असले की काम सुधारतंच. गवई सकाळी तक्रार घेऊन येई आणि संध्याकाळी पुन्हा ऐकून बघे.

भोपळ्याबद्दल तर मला काहीच ठाऊक नव्हतं. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. खायचा नव्हे, कडू. वेलीवर तो मोठा होताना त्याची बैठक नीट राहील असा ठेवावा लागतो, नाहीतर एका अंगाला चपटा होतो आणि शेतकऱ्याचं वर्ष वाया जातं. चाचांच्या माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले होते. त्यांनी एक काढून माझ्या हातात दिला. एवढा मोठा, आणि वजन जवळपास नाहीच. टिचकी मारली तर आतून घुमला. चाचा म्हणाले, ‘‘पूर येऊन गेला की त्या वर्षी चांगला भोपळा बघायला मिळत नाही.’’ भीमेच्या पुराच्या बातम्या मी दरवर्षी वाचत आले होते. त्यांचा मिरजेतल्या या माळ्याशी संबंध आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सगळ्यात जास्त दिवस गेले जवारी म्हणजे नेमकं काय ते समजून घेण्यात. चाचांना विचारलं तर ते करून दाखवत, सांगत नसत. मग ग्रंथालयात शोधताना सी. व्ही. रामन यांचा १९२१ सालचा निबंध हाती आला. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी त्यांनी तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं होतं. साध्या घोडीवर तार एका कडेवर टेकते. तिथे नियम असा की तार ज्या ठिकाणी छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात ते ऐकू येतात. कारण घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो, कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा स्पर्शून जाते, आणि दोऱ्यामुळे हा स्पर्श नेमका साधता येतो. म्हणजे ते दोन कानशीचे हात या गोलाईसाठी होते; तीच जवारी. मी निबंधातल्या आकृतीसारखी आकृती वहीत काढून चाचांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग कागद कडेवर धरून उतारावरून नख फिरवलं आणि म्हणाले, ‘‘थोडा जास्त ढाळ काढलास. एवढा नसतो.’’ मी आकृती तिथेच दुरुस्त केली. लेखात छापली आहे ती चाचांनी सुधारलेली.

लेख आठ वेळा लिहिला. सरांनी पहिल्या खर्ड्यातले ‘अलौकिक’, ‘दैवी’, ‘अवीट’ असे शब्द लाल पेनाने उडवले आणि समासात लिहिलं, ‘ऐकू येईल असं लिही.’ तेव्हा वाईट वाटलं होतं. आता ते पान मी जपून ठेवलंय.

अंक छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी पानं लावून झाली आणि मी सहज पडद्यावर नजर टाकली. लेखभर ‘ज्वारी’ झालं होतं. संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीला जवारी हा शब्दच माहीत नव्हता; तिने तो चुकीचा ठरवून धान्य करून टाकला होता. ‘कारागीर ज्वारी काढतात.’ ‘तंबोऱ्याची ज्वारी गेली.’ माझ्या पोटात खड्डा पडला. वर्षभराचा अभ्यास आणि लोक वाचणार काय, तर मिरजेत तंबोऱ्यात ज्वारी पिकते! मी बसून एकेक जागा शोधली. सव्वीस ठिकाणं होती. सगळीकडे एकदम बदल करायचा मोह झाला, पण भोपळ्याच्या परिच्छेदात मंगळवेढ्याची खरीखुरी ज्वारीही होती, आणि ती ज्वारीच राहायला हवी होती. रात्री साडेनऊला शिपाईमामा दार लावायला आले, तेव्हा शेवटची जागा झाली होती. ते म्हणाले, ‘‘ताई, एका अक्षरासाठी एवढा वेळ?’’ मी त्यांना खुर्चीत बसवून मोबाइलवर आजीच्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, आधी दोरा काढून केलेलं आणि मग दोरा लावून. ते म्हणाले, ‘‘दुसऱ्यात माणसं जास्त आहेत.’’ हे वाक्य माझ्या लेखात हवं होतं, पण तोवर पानं गेली होती.

गेल्या रविवारी पाच प्रती घेऊन मिरजेला गेले. चाचांनी हात पुसले आणि पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी बसवून ठेवलं. आकृतीवर बोट ठेवून थांबले, पुढे गेले. दुसऱ्या पानावर घोडी घासणाऱ्या हातांचा फोटो आहे. त्याच्या ओळीपाशी ते पुन्हा थांबले. मी वाकून पाहिलं. फोटोखालची ओळ मजकुरापासून वेगळी टाईप होते आणि त्या रात्री ती माझ्या नजरेतून सुटली होती. तिथे ‘ज्वारी’ होतं. माझा चेहरा पडला असणार. चाचांनी कानामागची पेन्सिल काढली, ‘ज’च्या जोडाक्षरावर काट मारली, वर सुटा ‘ज’ आणि त्यापुढे ‘वा’ लिहिला, आणि बाकीच्या चारही प्रती मागून घेऊन प्रत्येकीत तेच केलं. मग एक प्रत उघडून, मधली पानं समोर येतील अशी, त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, ‘‘ही आमची मुलगी. हिने लिहिलंय.’’

मला त्या वेळी बोलायला शब्द सुचला नाही. चाचांनी मांडीवरचा तंबोरा सरळ केला आणि मला म्हणाले, ‘‘चल, खर्ज छेड. दोरा मी सरकवतो, तू सांग कुठे उघडते.’’