पाहुणे असताना शाकारणी

मे महिना म्हणजे दिवेआगरात पाहुण्यांची झुंबड, आणि अरबी समुद्रात वादळं उठायची वेळही तीच. उरलेली वादळं पाऊस सरल्यावर, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. शाकारणीला खोल्या रिकाम्या हव्यात, आणि मे महिन्यात खोल्या रिकाम्या ठेवल्या तर वर्षभर खायचं काय?

पूर्वी आगोटीला कौलं चाळली, वाशांची वाळवी पाहिली की झालं. घर गळू नये, एवढीच अपेक्षा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. वारा ताशी शंभराच्या वर. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हापासून मी छप्पर खालून बघते. पडवीतून आत घुसलेला वारा पत्रा खालून रेटतो, वरून जाणारा त्याला ओढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून शिडी लावून कडेचा एकेक हुक हाताने हलवून पाहते. रबरी वॉशर उन्हाने तडकलेला असतो, आणि हुकापासून पत्र्यावर तांबूस ओघळ उतरलेला दिसला की तो हुक बदलायचाच, बाकी कितीही घट्ट वाटो. कडेला आणि कोपऱ्यांत हुक दाट हवेत, कारण पत्रा तिथूनच उचलला जातो. मिस्त्री मात्र सगळीकडे सारख्या अंतरावर ठोकून मोकळा होतो. आमची हुज्जत ठरलेलीच.

पाहुण्यांना जे जे आवडतं, ते वाऱ्यालाही आवडतं: झापांची छत्री, अंगणातला झोपाळा, समुद्राकडची रुंद काच, खोलीवर झुकलेला माड. पाडेल्याला बोलावून नारळ आणि सुकी झापं उतरवून घेते, तर फोटोला माड बोडका दिसतो अशी तक्रार! गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून ठेवायची. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, टाकी जागची हलत नाही. शिवाय वीज गेली की पंपही बंद.

निसर्गच्या वेळी टाळेबंदी होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तेव्हाही निर्बंध होते. त्यामुळे घर भरलेलं असताना काय करायचं, हे कोणी शिकवलं नाही. मी माझा नियम केलाय: हवामान खात्याचा वादळाचा इशारा आपल्या किनाऱ्याला आला की आदल्या दिवशीच पाहुण्यांना निघायला सांगायचं, आगाऊ घेतलेले पैसे हातात ठेवून. एकदा झाडं पडली की म्हसळ्याचा रस्ता केव्हा मोकळा होईल, सांगता येत नाही.

“काकू, आम्ही लाटा बघायलाच तर आलोय!” पुण्याचं एखादं तरुण जोडपं म्हणतंच. मी त्यांना डबा बांधून देते. नंतर मोबाइलवर एक तारा पडतो: ‘मालकिणीने अर्ध्यातून बाहेर काढलं.’ खाली उत्तरात मी फक्त तारीख लिहिते.