साडेदहाचं कुलूप

माझ्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांची सही आहे. खरं तर रेल्वे डाक सेवेतून निवृत्त झालेल्या एका सॉर्टरचीही सही तिच्यावर असायला हवी होती. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर ते अभ्यासिका चालवायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

नव्वदच्या दशकात गावाकडून पुण्याला शिकायला आलेल्या पोरांचं जग ठरलेलं असे. कॉट बेसिसवर खोली, दोन वेळची मेस, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून वडापाव आणि अभ्यासाला अभ्यासिका. वार्षिक परीक्षा एप्रिलात. मार्च लागला की आजूबाजूच्या अभ्यासिका रात्रभर उघड्या राहत आणि पोरं चहावर चहा ढोसून नाइट मारत. अण्णा मात्र ठोक्याला साडेदहा वाजता दिवे मालवून कुलूप लावत, कुणी कितीही गयावया करो. "अरे, रात्रीच्या गाडीत टपाल लावण्यात हयात गेली माझी," ते म्हणत. "पहाटे तीननंतर माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. मनमाडचं पत्र भुसावळच्या कप्प्यात टाकतो आणि वर त्याला वाटतं, बरोबर टाकलं. तुमच्या पुस्तकाचंही तेच होणार. जा, पडा जाऊन."

माझा विषय वनस्पतिशास्त्र. सपुष्प वनस्पतींची कुळं, त्यांची लक्षणं, पुष्पसूत्रं, सगळा पाठांतराचा मामला. आम्ही सगळेच तेव्हा पुस्तकात रंगीत रेघा मारून तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचो. एके दुपारी अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले, हात पुढे करून पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आता सांग." चार ओळींपुढे गाडी जाईना. "वाचताना सगळं ओळखीचं वाटतं रे," अण्णा म्हणाले. "लग्नात भेटलेला पाहुणाही ओळखीचा वाटतो, पण नाव विचारलं की बोंब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. आत जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं होती, कडा बोटांनी काळ्या पडलेली. एका बाजूला गावाचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचं टपाल कुठल्या कप्प्यात जायचं ते. वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, पिंपळगाव बसवंत. पिनकोड येण्याआधी ही गावं सॉर्टरच्या डोक्यात असावी लागत. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याची कल्पना टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृतचे कवी. "स्वतः श्लोक रचायचे आणि पाठांतर बंद केलं आमचं!" अण्णा हसून म्हणाले.

कार्डांचा नियम सोपा होता. नाव वाचायचं, उत्तर मोठ्याने म्हणायचं आणि मगच कार्ड उलटायचं. बरोबर आलं तर कार्ड मागच्या गठ्ठ्यात, तीन-चार दिवसांनी पुन्हा हातात घ्यायचं. चुकलं तर उद्या सकाळी पहिलं तेच. मीही पत्रिका कापल्या. एका बाजूला 'माल्व्हेसी', दुसऱ्या बाजूला त्या कुळाची लक्षणं. कार्ड बरोबर आलं तरी अण्णांचं समाधान होत नसे. वाड्याच्या चौकात जास्वंद होती. तिचं फूल माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "आता यात दाखव." पाकळ्या बाजूला केल्या तर मधोमध पुंकेसरांची एकच जुळलेली नळी, तिच्या अंगावर पिवळे परागकोश आणि नळीतून वर डोकावणाऱ्या पाच तांबड्या मखमली गाठी, म्हणजे कुक्षी. ते कूळ मी आजवर विसरलेलो नाही.

पुढे शिकवायला लागलो तेव्हा या रीतीची शास्त्रीय बाजू वाचनात आली. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. कार्डांचे कप्पे करून शिकण्याची रीत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने पुस्तकात मांडली तीही १९७२ सालीच. अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पोटापाण्यासाठी जे करावं लागलं, तेच त्यांनी आम्हाला दिलं.

शेवटच्या वर्षी पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी माझे हातपाय गार पडले. एक कूळ आठवेना. अण्णांनी उपदेश केला नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं. त्यांच्या घरी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मुगाची खिचडी वाढली, वर तूप सोडलं. मग अण्णांनी हॉल तिकीट, दोन पेनं आणि घड्याळ माझ्याकडून पिशवीत भरून घेतलं आणि मला पर्वतीला नेलं. १०३ पायऱ्या. "इथे अभ्यासाचं नाव काढायचं नाही," अशी अट होती. वर बसून ते मला मेलगाडीतल्या गमती सांगत राहिले. त्या रात्री मी गाढ झोपलो. सकाळी प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा कुळं आपापल्या कप्प्यात होती.

अण्णा आता नाहीत. त्यांचं सगळं मी माझ्या विद्यार्थ्यांना जसंच्या तसं देतो, एका गोष्टीची भर घालून. खिचडी आणि पर्वती आदल्या दिवसाच्या धास्तीला पुरते. आठवडेच्या आठवडे झोप नसलेल्या, जेवण न जाणाऱ्या, 'सर, सगळंच नकोसं झालंय' म्हणणाऱ्या पोराला ती पुरत नाही. अण्णांच्या काळी अशा पोराला कुठे पाठवायचं हे कुणालाच सुचत नसे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला वर्गात कार्डं करायला बसतो तेव्हा पहिलं कार्ड मी सांगतो. एका बाजूला लिहायचं, 'नकोसं वाटतंय'. दुसऱ्या बाजूला, '१४४१६'. आणि हे कार्ड कितीही पाठ झालं तरी मागच्या गठ्ठ्यात टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद.