गळा कायले लागते

कोजागरी झाली की मूर्तिजापुरातल्या पहाटेचा आवाज बदलतो. एरवी त्या वेळी ऐकू येते ती रेल्वे. मुंबई-हावडा लाइनवरचं जंक्शन, मालगाड्या रात्रभर चालू. त्या खडखडाटाची आम्हाला इतकी सवय, की बराच वेळ गाडी गेली नाही तर उलट जाग येते. शकुंतला तेवढी आता या आवाजात नाही. कापूस वाहायला टाकलेली ती नॅरोगेज, एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं, आता काही वर्षांपासून गाडीच बंद आहे. तर अशा पहाटेत आश्विन पौर्णिमेनंतर टाळ मिसळतात. काकडा बसतो तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. दिवाळी मधे येते आणि जाते. काकडा चालूच असतो.

मी पहिल्यांदा गेलो तो श्रद्धेनं नाही. त्या वर्षी झोप लागत नव्हती. चार वाजता छताकडे बघत पडण्यापेक्षा मंदिरात बसलेलं बरं, एवढाच हिशेब. मागच्या भिंतीला टेकून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्या आबांनी न विचारता हातात टाळ दिले. म्हटलं, "आबा, मला गाता येत नाही." ते म्हणाले, "गायाले गळा कायले लागते? जाग आली म्हंजे झालं."

आणि खरंच, त्या रांगेत धड गळा होता तो विणेकऱ्याचा. बाकी आम्ही सगळे घोगरे. एक रेल्वेतून निवृत्त झालेला, एक किराणा दुकानदार, रात्रपाळी करून थेट आलेला एक पोरगा, आणि मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया. त्यांचा आवाज आमच्यापेक्षा स्वच्छ, पण माइक त्यांच्याकडे कधी जात नाही. मला तर तो माइकच नको वाटतो. भोंगा लागला की चार माणसं गातात आणि गाव कूस बदलतं.

काकड्याला क्रम असतो. आधी देवाला उठवायचं, मग भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळा, पांगुळ. देवाच्या दारात हे आंधळे-पांगळे मला फार आवडतात. आपणच तो आंधळा, आपणच तो पांगळा, असं म्हणत धडधाकट माणसं मोठ्यानं गातात, आणि कुणाला त्याचा संकोच वाटत नाही. दिवसा बाजारात याच माणसांना कुणी नुसतं 'चुकलं तुमचं' म्हणून पाहावं! गौळणीपर्यंत उजाडायला लागतं. टाळ कुठे उचलायचा आणि कुठे थांबायचं, एवढ्याकडे लक्ष लागलं की डोक्यातली किरकिर आपोआप मागे पडते. चौथ्या दिवशी मला दुपारी गाढ झोप लागली. याला शांती म्हणायचं का, मला माहीत नाही. झोप होती, एवढं खरं.

गळा नसताना असं एकत्र गाणं आमच्या तालुक्याला नवं नाही. दापुरे इथून जवळच. १८७६ साली शेंडगावात जन्मलेला डेबूजी वडील गेल्यावर आईसोबत तिथं मामाकडे आला, गुरं राखली, शेती केली. १९०५ मध्ये घर सोडलं आणि पुढे गाडगेबाबा झाला. बाबा गावात शिरायचे ते खराटा घेऊन. दिवसभर झाडायचं, रात्री कीर्तन. त्या कीर्तनात नुसतं ऐकत बसायची सोय नव्हती. बाबा वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, हजारो माणसांकडून उत्तर वदवून घ्यायचे, आणि मग गोपालाचा गजर. सावकाराच्या कर्जात बुडालेला, दारूनं पोखरलेला माणूस त्या गजरात तोंड उघडायचा. मला वाटतं, बाबांचं अर्धं काम त्या उघडलेल्या तोंडानंच केलं. बाबांनी आमच्या गावात उभारलेल्या गोरक्षणाची जागा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गजराला जागा नाही, तो काकड्यात कुठेतरी मुरलेला असावा. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबा गेले. त्यांच्या पुण्यतिथीला अजूनही आधी झाडू निघतात, टाळ नंतर.

काकड्याच्या समाप्तीला काला होतो. गोवऱ्यांवर रोडगे भाजतात, मोठ्या गंजात वरण, कढईत वांग्याची भाजी. धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. पंगतीत आबा माझ्या शेजारी बसले होते. रोडगा कुस्करून त्यात तुपाची धार घेता घेता म्हणाले, "आता अकरा महिने काय करशीन?"

उत्तर सुचलं नाही. मंदिरासमोरच्या रस्त्यावरून बाया कापूस वेचायला निघाल्या होत्या. कमरेला ओटीचं फडकं, हातात डबा. त्यातली एक सकाळचीच गौळण गुणगुणत होती. चाल चुकली होती. दुसरीनं ती तशीच उचलली.