खारव्यातली चोपडी

आमच्या दुकानातली लाल चोपडी हातभर लांब आणि वीतभर रुंद आहे. अंगावर खारवा, पाठीला जाड पांढऱ्या दोऱ्याची शिवण, पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली स्वस्तिक आणि लक्ष्मीपूजनाच्या हळदकुंकवाची बोटं. पंढरपुरात बुक्का-कुंकवाच्या दुकानी जो कधी टेकला असेल त्याला असल्या चोपड्या नव्या नाहीत. हिच्या सगळ्या बहिणी उधारी सांभाळत म्हाताऱ्या झाल्या आणि रद्दीत गेल्या. हिच्या वाट्याला भारताचा फुटबॉल संघ आला, म्हणून ही राहिली.

स्वभावानं ती हट्टी आहे. मागाल ते पान देत नाही. हातात घेतली की आधी मेलबर्नपाशी उघडते, कारण तिथली शिवण सैल झाली आहे. मग तिच्या कलानं मागंपुढं जायचं. बुक्का, कापूर आणि जुनी खळ असा तिचा वास. पानापानावर काळे अंगठे. बुक्का विकणाऱ्याची बोटं दिवसभर काळीच असतात, त्यामुळं कुणी कुठल्या सामन्यावर बोट ठेवून वाद घातला ते तिच्या अंगावर उमटून राहिलं आहे. जाकार्ताच्या पानाचा खालचा कोपरा तर आता वाचताच येत नाही.

तिला या वाटेला लावलं आजोबांनी. तरुणपणी ते मुंबईला नोकरीला होते आणि सुटल्यावर कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपचे सामने पाहायचे. हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कप १९५० ते १९५४ अशी ओळीनं पाच वर्षं जिंकला. त्यांना घडवणारे सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर, पुढं भारताच्या संघाचेही तेच गुरू झाले. आजोबांना वेड लागलं ते या पोलिसांच्या खेळाचं. मग दुकान सांभाळायला पंढरपूरला परतावं लागलं आणि मैदान कायमचं सुटलं. हाती उरलं वर्तमानपत्र. ते कुर्डुवाडीहून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीनं यायचं. फुटबॉलची बातमी दिसली की कात्री, मैद्याची खळ आणि कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद. मुंबईत जमवलेली सुटी कात्रणंही अशीच चिकटली. त्या मोरचुदाच्या पुण्याईवर चोपडी अजून धड आहे.

दुपारी दोन ते चार दुकान थंड असतं. तेव्हा थोरले काका तिला फळीवरून काढतात. पोस्टातून निवृत्त झालेले शेजारचे अण्णा येतात, समोरचे तुळशीच्या माळा करणारे मामा हातातलं काम घेऊनच येतात. आषाढीला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले एक माऊली आमच्याकडं उतरतात, ते चंद्रभागेचं स्नान आणि कळसाचं दर्शन झालं की आधी चोपडी मागतात. यांच्यापैकी एकानंही भारताचा सामना मैदानात बसून पाहिलेला नाही. तरी बोलताना सगळे ‘आपण’ म्हणतात. ‘आपण तेव्हा एक गोलनं पुढं होतो.’ ‘आपला गोलकीपर थंगराज.’ ज्या गावात ज्ञानोबा-तुकोबांबद्दल घरच्या थोरल्या माणसांसारखं बोलतात, तिथं हे मला फार स्वाभाविक वाटतं.

चोपडीची सुरुवात १९५१ च्या दिल्लीपासून होते. पहिले आशियाई खेळ, अंतिम सामन्यात इराणवर १-० नं विजय, गोल मेवालालचा, कप्तान शैलेन मन्ना. त्याच्या आधीचं एक पान कोरं आहे. आजोबांनी ते का सोडलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण बैठकीत त्या पानाला ‘ब्राझीलचं पान’ म्हणतात. १९५० च्या विश्वचषकात भारताचं नाव होतं. गटातले बाकीचे आशियाई संघ मागं हटल्यामुळं जागा मिळाली होती आणि स्वीडन, इटली, पॅराग्वे यांच्याशी गाठ होती. संघ गेलाच नाही. अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून गेला नाही, असं अण्णा दरवेळी सांगतात, कारण ही गोष्ट देशभर अशीच पसरली आहे. मला ती पटत नाही. यजमान खर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होते. आपल्या महासंघाला मात्र ऑलिंपिक मोठं वाटत होतं आणि विश्वचषक म्हणजे काय हे तेव्हा उमगलंच नव्हतं. मन्नांनीही पुढं हेच सांगितलं. अनवाणी पायांची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तिच्याखाली एक मोठी चूक झाकली जाते. चोपडीनं ती झाकली नाही, तिथं कोरं पान ठेवलं.

पुढचं पान हेलसिंकीचं, १९५२. मला सगळ्यात प्रिय पान हेच. उजव्या बाजूला खाशाबा जाधव, गळ्यात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. डाव्या बाजूला त्याच ऑलिंपिकमधला फुटबॉल: युगोस्लाव्हिया १०, भारत १. थंडीत बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि त्या हारीनंतरच बूट सक्तीचे झाले. आजोबांनी दोन्ही कात्रणं सारख्याच आकाराची कापली, दोन्हीभोवती लाल शाईनं सारखीच चौकट काढली. डाव्या चौकटीखाली त्यांच्या अक्षरात एवढंच लिहिलं आहे: ‘अहमद खान, १.’ दहा गोल चढल्यावर शेवटाशेवटाला ज्यानं एक फेडला त्याचं नाव. कोल्हापूरचे माऊली उजव्या पानाला हात जोडतात, कारण खाशाबांची कुस्ती त्यांच्याच गावात पिकली. मग डाव्या पानावर बोट ठेवून म्हणतात, “ह्योबी पैलवानच की.”

मेलबर्नला ती आपोआप उघडते हे सांगितलंच. १ डिसेंबर १९५६, समोर यजमान ऑस्ट्रेलिया, भारत ४-२ नं विजयी. चारातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळ गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघातून खेळायचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि हा गोवेकर भारताच्या निळ्या शर्टात गोल मारत होता, हे काका सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. पुन्हा नेव्हिल, पहिला गोल आपला. नंतर त्यांचे चार झाले. कांस्याच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० नं हरवलं. चौथा क्रमांक. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल याच्या वर कधी गेला नाही. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा मारले त्यांच्याविरुद्ध आपण आघाडी घेतली, ही गोष्ट मला हॅटट्रिकपेक्षाही मोठी वाटते. हेलसिंकीचं पान फाडून टाकलं असतं तर मेलबर्नची उंची कशानं मोजली असती?

जाकार्तावर वाद ठरलेला. १९६२ चे आशियाई खेळ. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही, त्यावर भारताचे प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी बोलले, म्हणून तिथली जनता आपल्यावर खवळलेली. खचाखच भरलेलं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून हार. थायलंडविरुद्ध जर्नेल सिंगचं कपाळ फुटलं, टाके पडले. हा गडी बचावफळीचा, पण टाक्यांसकट रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळवलं. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया. पी. के. बॅनर्जींचा एक, मग जर्नेलचा एक, भारत २-१. मामांचं म्हणणं, कप्तान चुनी गोस्वामी सगळ्यांत श्रेष्ठ. अण्णांचा पी. के. काकांचा बलराम. तिघांपैकी एकालाही यांनी चेंडू मारताना पाहिलेलं नाही आणि तिघांसाठी हे अजून घसा कोरडा करतात. त्या पानावर सगळ्यात जास्त, लहान मुलासारखा आनंद होतो तो माऊलींना.

त्या सुवर्णाचं कौतुक पुरतं व्हायच्या आत ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं. जून १९६३ मध्ये रहीम कर्करोगानं गेले. जाकार्तात दुखणं अंगात घेऊनच ते संघामागं उभे होते.

यानंतर चोपडी रोडावते. १९६४ च्या आशिया चषकातलं उपविजेतेपद, १९७० चं बँकॉकचं कांस्य, आणि मग बोटाएवढाली कात्रणं. आशियाई खेळांत फुटबॉलचं पदक त्यानंतर आलेलं नाही. आजोबा गेल्यावर चिकटवण्याचं काम काकांकडं आलं, खळीच्या जागी फेव्हिकॉल आला. बायचुंग भुतिया, २००७ चा नेहरू चषक, २००९ चा, २०१२ चा. ही पानं कुणी फारशी मागत नाही. मी मागते.

आमच्याकडं विश्वचषक आणि वारी पुष्कळदा हातात हात घालून येतात. २०१४ ची आषाढी ९ जुलैची. देवळात पहाटेच्या महापूजेची तयारी, गावात मुंगीला वाट नाही, आमच्या माजघरात वारकरी दाटीवाटीनं झोपलेले. कोपऱ्यात आवाज बारीक करून दूरचित्रवाणी सुरू होती, कारण माऊली ब्राझीलचे. त्यांच्या पेठेत विश्वचषक लागला की गल्लीगल्लीत झेंडे लागतात आणि तालमींच्या संघांवरून जेवढी भांडणं होतात तेवढीच ब्राझील-अर्जेंटिनावरून. त्या रात्री जर्मनीनं ब्राझीलला सात गोल घातले. माऊली सुन्न होऊन बसले. काकांनी फळीवरून चोपडी काढली, दोन-तीनदा मेलबर्नला उघडणारीला मागं ओढत हेलसिंकीवर आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. “माऊली, आपण दहा खाल्ले हुते,” एवढंच म्हणाले. माऊलींनी ते पान पुन्हा वाचलं आणि उठून दर्शनबारीकडं चालते झाले.

२०१७ साली एक वाद त्यांनीच आणला. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मुलांचा संघ चोपडीत घ्यायचा की नाही? अण्णा म्हणाले, नियमात बसत नाही. माऊली म्हणाले, तीन सामने हरले तरी विश्वचषक खेळले, तुमचं ब्राझीलचं पान कोरंच हाय. अनिकेत आता चोपडीत आहे.

२०१८ चं पान मुंबईचं. अंधेरीत भारतानं चायनीज तैपेईवर ५-० नं विजय मिळवला, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये अडीच हजारांच्या आसपास माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं हात जोडून सांगितलं: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. पुढच्या केनियाच्या सामन्याची तिकिटं संपली. तो त्याचा शंभरावा सामना होता. हे पान वाचताना बैठक गप्प होते, कारण ते आवाहन आपल्यालाच आहे हे प्रत्येकाला कळतं. पंढरपूरहून मुंबई रात्रीच्या गाडीची वाट आहे.

रहीमसाहेबांवरचा ‘मैदान’ चित्रपट २०२४ मध्ये आला आणि माझी भाची चोपडीपाशी बसायला लागली. पडद्यावर पाहिलेलं ती कात्रणांशी ताडून बघते. आता चिकटवण्याचं काम तिचं. त्याच वर्षी जूनमध्ये छेत्री निवृत्त झाला, तिनं मोठी चौकट काढली. २०२५ च्या मार्चमध्ये तो परत आला आणि शिलाँगला मालदीववर ३-० असा विजय मिळाला. चौकट काढून झाल्यावर परत येणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न चोपडीला कधी पडला नव्हता. पोरीनं नवं पान घेतलं आणि आजोबांच्या पद्धतीनं खाली नुसती नावं लिहिली: राहुल भेके, लिस्टन कुलासो, सुनील छेत्री.

आषाढीला माऊली आले, स्नान-दर्शन उरकून बसले, चष्मा पुसून ते पान वाचलं.

“भेके कुठला गं?”

“मुंबईचा, आजोबा.”

“आन् ह्यो कुलासो?”

“गोव्याचा.”

“म्हंजे नेव्हिलच्याच गावचा म्हण की,” असं म्हणून त्यांनी पानं मागं उलटायला घेतली. तोवर अण्णा येऊन टेकले होते आणि नेव्हिलनं युगोस्लाव्हियाला गोल उजव्या पायानं मारला की डोक्यानं, यावर मामांशी त्यांची जुंपली होती.