सर्वर कोण्या गावचा?

माणसाचं चुकलं तर तो आधी नाकारतो, मग दुसऱ्यावर ढकलतो आणि अगदीच गळ्याशी आलं तर कबूल करतो. यंत्राचं तसं नसतं. त्याचं चुकलं की ते पडद्यावर तांबडी ओळ उमटवतं आणि गप्प बसतं. पुढचं सगळं समोरच्या माणसानं निस्तरायचं. हा माणूस त्या वेळी काय करतो, याचा अभ्यास परदेशात मोठमोठे पंडित करतात म्हणे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्यासाठी पंडित होण्याची गरज नाही. सोळापैकी कुठल्याही तालुक्यात सेवा केंद्राबाहेरच्या बाकावर बसावं. मी पेन्शनर असल्यामुळे बसतो.

‘सर्वर डाऊन हाये’ हे वाक्य आमच्याकडे ‘पाऊस नाही’ इतक्याच शांतपणे ऐकलं जातं. धीर धरण्याची तालीम आम्हाला जुनीच. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला गाडी आता बंद आहे, पण तिची वाट पाहिलेला माणूस सर्वरची वाट सहज पाहू शकतो. खरी परीक्षा झाली ती २०१७ साली. कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि सोबत बायकोचंही आधार लागे. एरवी बाजाराला एकत्र न जाणारी जोडपी रांगेत शेजारी उभी राहिली. सर्वर रात्री जरा बरा चालतो, म्हणून रात्रीच्याही रांगा लागल्या. शेवटी १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो मोबाइलवर काढायचा. पण पीक एकीकडे आणि रेंज टेकडीवर, असं असेल तर शेतकऱ्यानं उभं कुठे राहावं?

माझ्या पाहणीत चूक भेटलेल्या माणसांच्या तीन जाती आढळल्या. पहिली ‘पुन्हा दाब’वाल्यांची. ही मंडळी तेच बटण दहादा दाबतात. दारावरची कडी वाजवल्यासारखी. दुसरी उपायवाल्यांची. बोट पदराला पूस, पाण्यानं धू, तेल लाव, ते नाही तर हे बोट ठेव. तिसरी जात सर्वांत मोठी आणि सर्वांत गरीब. ती हात जोडून म्हणते, “माहंच काही चुकलं असंन, भाऊ.”

या तिसऱ्या जातीची एक आजी डोळ्यांसमोरून जात नाही. आयुष्यभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्राला बोटच ओळखू येईना. पडद्यावर ओळ आली, ‘काहीतरी चुकलं आहे. नंतर प्रयत्न करा.’ आजीला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, तरी माझ्याही ज्ञानात काही भर पडली नाही. काहीतरी म्हणजे काय? आणि नंतर म्हणजे कधी? आजीच्या हिशेबात नंतर म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडणार आणि एसटीचं भाडं पुन्हा पडणार.

डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन पंडितानं १९८८ साली एक अख्खं पुस्तक लिहून सांगितलं, की आपण ज्याला वापरणाऱ्याची चूक म्हणतो ती बहुधा वस्तू घडवणाऱ्याची असते. जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये दहा नियमांची यादी केली. त्यात एक असा, की चुकीचा निरोप साध्या भाषेत असावा, नेमकं काय बिघडलं ते त्यानं सांगावं आणि वाटही दाखवावी. आमच्याकडे रस्ता खचला की गावकरी बाभळीची फांदी आडवी टाकतात आणि ‘तिकून जा’ म्हणून हात करतात. तोच हा नियम. इंग्रजीत सांगितला की त्याला नंबर मिळतो.

केंद्रावरच्या पोरानं नील्सन वाचलेला नाही. तो आजीला म्हणाला, “आजी, तुमचं काहीच चुकलं नाही. मशीनले तुमच्या रेषा दिसून नाही राहिल्या. चेहऱ्यावर करून पाहू. आज सर्वर बंद हाये, परवा सकाळी या, पण येण्याआधी शेजारच्याच्या फोनवरून मले इचारा, उगाच चक्कर नको.” काय बिघडलं, कोणाचं बिघडलं, आता काय करायचं, सगळं आलं. आजीच्या चेहऱ्यावरचा अपराध उतरला. मग तिनं मनातला प्रश्न विचारला, “काऊन रे बाबू, हा सर्वर कोण्या गावचा हाये? नेहमीच बिमार असते!”

यंत्रं बिघडणारच. बैलही कधी बसतो. पण बसलेला बैल मालकाला कधी ‘तुझंच काहीतरी चुकलं’ असं वाटायला लावत नाही. पडद्यावरची ओळ लिहिणाऱ्यांनी एवढं जरी बैलाकडून घेतलं, तरी पुष्कळ आहे. तोपर्यंत सगळा भार त्या पोरावर. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, तो आठ दिवस रजेवर जाणार. लोक नवरीची चौकशी नंतर करतात, आधी विचारतात, “बदली माणूस कोण हाये?”