वापरातली बॅग

आत्याच्या साड्या, भांडी, पुस्तकं ज्यानं त्यानं आठवण म्हणून नेली. कातड्याची बॅग मात्र कुणी मागितली नाही, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

आत्या कागल तालुक्यात नर्सबाई होती. रजिस्टरं, जेवणाचा डबा, छत्री आणि तान्ह्या बाळांना तोलायचा स्प्रिंगचा वजनकाटा, एवढं सगळं त्या बॅगेतून वाड्यावस्त्यांवर हिंडायचं. काट्याच्या आकड्यानं आतल्या बाजूला घासून घासून एक चंद्रकोर उमटली आहे. किती बाळांची पहिली वजनं तिच्यात जमा असतील!

ही बॅग कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका चप्पल करणाऱ्या मामांनी शिवली होती. चपलेचंच कातडं वापरा, असा आत्याचा हट्ट. हे कातडं जुन्या रीतीनं कमावताना घायपाताच्या दोऱ्यानं शिवून त्याची पिशवीच करतात. तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरून टांगून ठेवतात. पाणी झिरपत राहतं, खाली धरलेलं पुन्हा वर ओततात. म्हणजे बॅग होण्याआधी ते कातडं एकदा पिशवी होऊन गेलेलं असतं. क्रोमनं हे काम एक-दोन दिवसांत उरकतं, साल-हिरड्याला आठवडे लागतात. पण या कातड्याला ऊन, तेल, हाताचा घाम सगळं लागतं आणि ते वर्षानुवर्षं गडद होत जातं.

कमावणारे ढोर समाजाचे, शिवणारे चांभार समाजाचे. ज्यांच्या मोटेनं मळे भिजले आणि ज्यांच्या वहाणांनी पाय वाचले, त्यांनाच गावानं शिवून घेतलं नाही. बॅगेच्या देखणेपणाबद्दल बोलताना हे गिळून टाकणं मला जमत नाही. आत्यालाही जमलं नसतं. ती मामांच्या घरी चहा घेतल्याशिवाय कधी परतली नाही.

एकदा तिच्याबरोबर गेले होते. मामा दोन्ही टोकांना सुया ओवलेला मेणाचा दोरा घेऊन बसले होते. आरीनं भोक पाडायचं, एक सुई इकडून, दुसरी तिकडून, आणि दोन्ही हात फाकवून टाका आवळायचा. "बाई, एक दोरा तुटला तरी दुसरा धरतोय बघा. मशीनची शिलाई एकदा सुटली की सुटतच जाती." त्या टाक्यांतला एकही अजून ढिला नाही. मामा मात्र आत्याच्या आधीच गेले.

बॅग घरी आली तेव्हा मी ती मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवली. पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरली. कोरड्या फडक्यानं पुसून, सावलीत वाळवून, खोबरेलाचं बोट फिरवलं. तेव्हा कळलं, की हे कातडं जपून ठेवलं की मरतं. त्याला रोज हात लागावा लागतो. म्हणून आता ती मी कॉलेजला नेते. आणि मुठीवर जिथं आत्याच्या अंगठ्याचा काळसर डाग होता, तिथं आता माझा अंगठा बसतो. तिचा डाग कुठं संपतो आणि माझा कुठं सुरू होतो, ते आता सांगता येत नाही. याचं वाईट वाटतं. वापरणं मात्र थांबवत नाही.

यंदा खांद्याचा पट्टा तडकला. मामांचा मुलगा चपलाच करतो. त्यानं पट्टा वाकवून पाहिला. राज्यात 2015 साली बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून तसलं कातडं सहज मिळत नाही, म्हशीचं लावावं लागेल, म्हणाला. रंग वेगळा दिसेल. शिवाय तडकलेला भाग कापावा लागेल, म्हणजे आत्याच्या खांद्यानं झिजवलेला नेमका तोच तुकडा जाणार.

"नवीच करून देऊ काय, ताई?" त्यानं विचारलं.

मी त्याला पट्टाच बदलायला सांगितला. भोकं मात्र वडिलांनी पाडलेलीच वापर, म्हटलं. त्यानं होकार दिला आणि दिवाळीची गर्दी ओसरल्यावर यायला सांगितलं.