पक्षांना वेशीबाहेर काढणारं गाव

"मिचोआकानला जाऊ नकोस," असं ग्वादालाहाराच्या ऑफिसातले मेक्सिकन सहकारीच बजावत होते. तरी गेलो. चेरान हे मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातलं, पुरेपेचा या मूलनिवासी लोकांचं गाव, उंची 2,400 मीटरच्या आसपास, भोवती पाइनचे डोंगर. वेशीवर गावच्याच पहारेकऱ्यांनी गाडी थांबवून बारीक चौकशी केली.

तिथे ऐकलेली 2011 ची हकिकत मला अजून पचत नाही. त्याआधीची दोन-तीन वर्षं बंदूकधारी टोळ्या राजरोस ट्रक भरून लाकूड नेत होत्या. विरोध करणारे मारले गेले, काही बेपत्ता झाले. तोड ला कोफ्राडियाच्या झऱ्याजवळ आली तेव्हा बायकांनी ठरवलं, आता पुरे. 15 एप्रिलच्या सकाळी त्यांनी एल काल्वारियो चर्चपाशी ट्रक अडवले. हातात काय, तर दगड आणि जत्रेतले अग्निबाण! चर्चची घंटा घणघणली, गाव धावून आलं, तोडणारे धरले गेले, ट्रक पेटले. आणि पालिकेचे पोलीस आले ते लाकूडचोरांना सोडवायला. इथे माझं डोकं फिरतं. पगार गावाचा, चाकरी चोरांची! चोरांचं एक वेळ समजू शकतं. पण ज्याच्याकडे तक्रार करायची तोच त्यांना सामील असेल, तर माणसानं जायचं कुठे?

पुढे चौकाचौकात शेकोट्या पेटल्या. कित्येक महिने स्वयंपाक तिथे, बैठका तिथेच. पोलीस गेले, राजकीय पक्षही गेले. निवडणूक न्यायाधिकरणानं त्याच वर्षी गावाच्या रीतीनं कारभार निवडायचा हक्क मान्य केला. 2012 पासून चार वाड्यांतले प्रत्येकी तीन, असं बारा जणांचं मंडळ गाव चालवतं.

चौकात एक बाई कोरुंदा विकत होत्या. मक्याची हिरवी पात घडी-घडीनं उलगडायची, आतल्या त्रिकोणी गोळ्यावर साय आणि लाल तिखट घालायचं. मतदान कसं होतं, विचारलं. "आपल्या माणसामागे रांगेत उभं राहायचं," त्या म्हणाल्या.

मी हरखलोच. ना पोस्टर, ना पैसेवाटप! परतताना मात्र शंका आली. सासरा एका रांगेत असेल, तर सून दुसऱ्या रांगेत उभी राहील? मी तरी शेजाऱ्यादेखत त्याच्या विरोधात उभा राहीन का?

गुप्त मतदान हवंच, हे माझं मत कायम आहे. पण 2011 पूर्वी चेरानमध्ये गुप्त मतदानच होतं, आणि जंगल तेव्हाच लुटलं गेलं.